एक किलोवॉट लेसरसाठी पाच ठिपक्यांचा डीओई: आकडेमोडीपासून मशीनवर चढवेपर्यंत

लेसरचा एक झोत सारख्या ताकदीच्या पाच झोतांत फोडणारी काच दिसायला अगदी साधी असते. तीन मिलिमीटर जाडीची चकती, एका अंगावर सव्वा मायक्रॉनच्या आतल्या खोलीचे पट्टे, बस्स. पण झोत एक किलोवॉटचा असला की पट्ट्यांच्या खोलीत झालेली शंभर नॅनोमीटरची चूक थेट वेल्डवर दिसते, आणि चकतीवर राहून गेलेला बोटाचा ठसा तिला तडकवू शकतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात फायबर लेसरवर जॉबवर्क करणाऱ्यांना एका वेळी पाच वेल्ड किंवा पाच भोकं हवी असतात, तेव्हा अशी विवर्तनी चकती, म्हणजे डीओई, कामाला येते. ती कशी आखायची, कुठे करून घ्यायची आणि मशीनवर कशी चढवायची, हे खाली एकच उदाहरण धरून दिलं आहे. संगणकावरची आखणी हा यातला सोपा भाग. खरी कसोटी खोलीची आणि स्वच्छतेची.

उदाहरण असं: १०७० नॅनोमीटरचा सिंगल मोड फायबर लेसर, सलग १ किलोवॉट, कोलिमेटरनंतर, म्हणजे झोत समांतर करणाऱ्या भिंगानंतर, झोताचा व्यास १० मिमी, पुढे २५० मिमी नाभीय अंतराचं भिंग. एका ओळीत पाच ठिपके, शेजारच्या दोन ठिपक्यांत ०.६ मिमी अंतर.

आधी लेसर मोजा

डेटाशीटवरचा आकडा घेऊन आखणी सुरू करू नका. कोलिमेटर गरम झाला की झोताचा व्यास आणि फोकस दोन्ही सरकतात. म्हणून ज्या पॉवरवर काम करणार त्याच पॉवरवर, लेसर १५-२० मिनिटं चालवून, मग बीम प्रोफायलरने व्यास आणि एम-स्क्वेअर (झोत आदर्शापासून किती दूर आहे त्याचं माप, आदर्श झोताला १) मोजा. एम-स्क्वेअर १.१ धरला तर आपल्या उदाहरणात फोकसवरचा ठिपका साधारण ३७ मायक्रॉनचा येतो: ४ × १.१ × १.०७ मायक्रॉन × २५० मिमी, भागिले ३.१४ × १० मिमी.

झोत फोडणारी ग्रेटिंग, म्हणजे तेच पट्टे पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, बरीच सोशीक असते. झोत मिलिमीटरभर बाजूला पडला तरी ठिपके तिथेच राहतात, कारण नक्षी पुन्हा पुन्हा तीच असते. फ्लॅट-टॉप, म्हणजे सगळीकडे सारख्या तीव्रतेचा ठिपका, देणारा डीओई मात्र तसा नसतो. त्याला एम-स्क्वेअर १.३ च्या आत लागतो, झोताचा व्यास आखणीच्या पाच टक्क्यांच्या आत लागतो आणि झोत बरोबर मध्यावर लागतो. ज्यांना पहिलाच डीओई करायचा आहे त्यांनी फ्लॅट-टॉपच्या मागे लागू नये. आधी ग्रेटिंग करून हात बसवावा.

पट्ट्यांचं गणित

ठिपक्यांतलं अंतर ०.६ मिमी आणि भिंग २५० मिमीचं, म्हणजे दोन झोतांतला कोन २.४ मिलिरेडियन. ग्रेटिंगचं आवर्तन म्हणजे तरंगलांबी भागिले हा कोन: १.०७ ÷ ०.००२४ = ४४६ मायक्रॉन. झोताच्या व्यासात किमान तीन आवर्तनं बसली पाहिजेत, नाहीतर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. इथे २२ बसतात, म्हणजे ती काळजी नाही.

एका आवर्तनात पट्टे कुठे सुरू करायचे आणि कुठे संपवायचे, हा प्रश्न डामन आणि गोर्टलर यांनी १९७१ मध्ये सोडवला. दोनच पातळ्यांच्या, म्हणजे कोरलेला भाग आणि न कोरलेला भाग एवढ्याच, ग्रेटिंगमधून सारख्या ताकदीचे ठिपके काढता येतात. पाच ठिपक्यांसाठी आवर्तनाची लांबी १ धरली तर बदलाच्या जागा ०, ०.०३८६३, ०.३९०८४ आणि ०.६५५५२ अशा येतात. आपल्या ४४६ मायक्रॉनमध्ये त्यांचा अर्थ असा:

० ते १७.२ मायक्रॉन: कोरायचं
१७.२ ते १७४.३: ठेवायचं
१७४.३ ते २९२.४: कोरायचं
२९२.४ ते ४४६: ठेवायचं

सगळ्यांत अरुंद पट्टा १७ मायक्रॉनचा, म्हणजे छपाईला (उजेडाने काचेवर नक्षी उमटवायला) काहीच अवघड नाही. कडा अर्ध्या मायक्रॉनच्या आत अचूक आल्या की पुरे.

प्रत्येक ठिपक्यात १५.५ टक्के, पाचांत मिळून ७७ टक्के ऊर्जा जाते. उरलेली २३ टक्के कुठे जाते, हे इथेच विचारायला हवं, कारण १ किलोवॉटमधले ते सव्वादोनशे वॅट आहेत. याच जागा घेऊन हिशेब केला तर तिसऱ्या आणि चौथ्या ऑर्डरमध्ये (मध्यापासून तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्याच्या जागी) नगण्य, पण पाचव्या ऑर्डरमध्ये दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३.३ टक्के जातात. म्हणजे मध्यापासून ३ मिमीवर दोन्हीकडे ३३ वॅटचा, तितकाच बारीक फोकस झालेला ठिपका. पातळ पत्र्यावर तो खूण उमटवतो. कामाच्या जागी मध्यापासून ३ मिमीवर दोन्ही बाजूंना तांब्याचा आडोसा बसेल का, हे आखणीच्या वेळीच बघा.

आडोसा बसत नसेल तर आठ पातळ्यांकडे जा. पाच ठिपक्यांसाठी पायऱ्या नसलेल्या गुळगुळीत नक्षीची सैद्धांतिक मर्यादा ९२ टक्क्यांच्या आसपास आहे आणि आठ पातळ्या तिच्या बऱ्याच जवळ नेतात. मात्र त्यासाठी तीन छपाया, तीन एचिंग (प्लाझ्माने कोरणं) आणि दर वेळी अर्ध्या मायक्रॉनची जुळवणी लागते. दोन मितींतली नक्षी किंवा वेडावाकडा आकार हवा असेल तर गेर्चबर्ग-सॅक्स्टन पद्धतीचं, १९७२ पासून चालत आलेलं फूरिए पुढे-मागे करण्याचं तंत्र वापरतात. पायथॉनमध्ये ते पन्नासेक ओळींत लिहिता येतं.

खोली

दोन पातळ्यांसाठी खोली = तरंगलांबी ÷ (२ × (अपवर्तनांक − १)). फ्यूज्ड सिलिकाचा अपवर्तनांक १०७० नॅनोमीटरला १.४४९५ आहे, म्हणून खोली ११९० नॅनोमीटर. आठ पातळ्या हव्या असतील तर तीन एचिंगच्या खोल्या ११९०, ५९५ आणि २९८ अशा येतात. त्यात सर्वांत उथळ आणि बारीक नक्षी आधी कोरावी, कारण मायक्रॉनभर पायऱ्या असलेल्या काचेवर फोटोरेझिस्ट, म्हणजे छपाईचा उजेडाला संवेदनशील थर, सारखा पसरत नाही.

चुकीची किंमत मोजता येते. खोली ५ टक्के चुकली, म्हणजे ६० नॅनोमीटर, तर मधला ठिपका बाकीच्या चारांपेक्षा ४ टक्के भारी होतो. १० टक्के चुकली तर १६ टक्के भारी. चूक जास्तीची असो वा कमीची, परिणाम एकच: मधला ठिपका चढतो. त्यामुळे ठिपके बघून एचिंग कमी झालं की जास्त, हे कळत नाही. खोली स्टायलस प्रोफायलरवरच, म्हणजे सुई फिरवून उंची मोजणाऱ्या यंत्रावरच, मोजावी लागते. आमच्या मते ±३ टक्के, म्हणजे ±३५ नॅनोमीटर, हे ध्येय ठेवावं. त्याहून सैल ठेवलं तर पाच वेल्डपैकी मधला नेहमी वेगळा दिसेल.

काच

साध्या काचेचा विचारही करू नका. कॉर्निंग ७९८० सारखा फ्यूज्ड सिलिका सहज मिळतो, पण त्यात लेसर शोषणाऱ्या हायड्रॉक्सिलचं प्रमाण ८०० ते १००० पीपीएम असतं. काही शे वॅटपर्यंत तो चालतो. किलोवॉट आणि पुढे सुप्रासिल ३००१ सारखा, हायड्रॉक्सिल १ पीपीएमच्या आत असलेला प्रकार घ्या. शोषण जितकं कमी तितका फोकस कमी सरकतो. व्यास २५.४ मिमी, जाडी ३ मिमी, दोन्ही अंगं तरंगलांबीच्या दहाव्या भागाइतकी सपाट, स्क्रॅच-डिग (ओरखडे-खड्ड्यांची मर्यादा) १०-५, खडबडीतपणा १ नॅनोमीटरच्या आत. एका चांगल्या चकतीसाठी किमान चार घ्या: एक खरी, एक राखीव, दोन चाचणीसाठी.

व्यासात कंजुषी नको. झोताच्या दीडपट उघडं तोंड ठेवलं तर १ किलोवॉटमधले ११ वॅट होल्डरच्या कडेवर पडतात. दुपटीला हेच ०.३ वॅटवर येतं.

छपाई आणि एचिंग

ठाणे-नवी मुंबईतल्या गाळ्यात आखणी, फाइल, तपासणी, होल्डर आणि चाचणी ही कामं होऊ शकतात. छपाई आणि प्लाझ्मा एचिंग मात्र क्लीनरूममध्येच. सर्वांत जवळची नावाजलेली सोय म्हणजे पवईची आयआयटी मुंबईची नॅनोफॅब्रिकेशन सुविधा. नवी मुंबईहून ऐरोली पूल ओलांडून मुलुंडमार्गे गेलं की फार लांब नाही. शैक्षणिक संस्थांना इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून अशा ठिकाणी काम करता येतं. कुठेही जा, पण कोणती काच, कोणता रेझिस्ट, कोणते वायू लागतील ते आधी लेखी विचारा, कारण कोणत्या मशीनमध्ये काय घालू द्यायचं याचे प्रत्येक प्रयोगशाळेचे नियम वेगळे असतात.

फाइल जीडीएस-टू या छपाईच्या आराखड्यांच्या स्वरूपात द्या. पॉझिटिव्ह रेझिस्टमध्ये जिथे उजेड पडतो तिथला रेझिस्ट निघून जातो, म्हणून कोरायचे पट्टे भरलेले काढा. दोन पातळ्यांत उलटसुलट झालं तरी ठिपके तसेच येतात. आठ पातळ्यांत उलटलेली फाइल म्हणजे वाया गेलेली काच. चकतीच्या कडेजवळ, झोताबाहेर, १ मिमी रुंद मोजणीपट्टा ठेवायला विसरू नका. खोली तिथेच मोजायची आहे.

पुढचा क्रम असा. काच पिरान्हात, म्हणजे तीन भाग सल्फ्युरिक आम्ल आणि एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात, १० मिनिटं. पेरॉक्साइड आम्लात सावकाश घालायचा, अॅसिटोनचा थेंबही जवळ नको आणि उरलेलं मिश्रण झाकणबंद बाटलीत कधीही नाही. ते वायू सोडत राहतं आणि बाटली फुटते. मग भरपूर शुद्ध पाणी, नायट्रोजनची फुंक, २०० अंशांवर १० मिनिटं भाजणं आणि लगेच एचएमडीएसचा, म्हणजे रेझिस्ट काचेला धरून ठेवणाऱ्या रसायनाचा, हात. रेझिस्ट एस-१८२८, स्पिनरवर मिनिटाला ४००० फेऱ्यांना साधारण २.८ मायक्रॉन जाडीचा बसतो. ११५ अंशांवर मिनिटभर, मग लेसर रायटर किंवा क्रोम मास्कने छपाई, एमएफ-३१९ डेव्हलपरमध्ये साधारण मिनिटभर धुणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत पट्टे सोलून निघण्याच्या तक्रारी वाढतात. भाजलेली काच दमट हवेत पाच मिनिटं जरी ठेवली तरी तिच्यावर पाण्याचा थर परत चढतो आणि एचएमडीएस धरत नाही. भट्टी ते स्पिनर हा प्रवास एका दमात करा, आणि क्लीनरूममधली आर्द्रता ४५-५० टक्के आहे ना ते सुरू करण्याआधी बघा.

एचिंगला बरेच जण सवयीने क्रोमचा मुखवटा वापरतात. किलोवॉटच्या कामात तो टाळा असं आमचं स्पष्ट मत आहे. प्लाझ्मात क्रोमचे कण उडून पट्ट्यांच्या तळाशी बसतात, त्यांच्याखाली काचेची बारीक खुंटं उभी राहतात आणि पुढे लेसर लागला की तेच कण उष्णता शोषतात. आपली खोली १.२ मायक्रॉनच आहे. रेझिस्ट काचेइतक्याच वेगाने झिजला तरी २.८ मायक्रॉन पुरून उरतो.

ट्रायफ्लुरोमिथेन आणि अरगॉनच्या आरआयईमध्ये, म्हणजे प्लाझ्मा एचिंगमध्ये, वेग मिनिटाला ३५ नॅनोमीटर मिळाला तर ११९० साठी ३४ मिनिटं लागतील. वेग मशीनप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलतो, म्हणून त्याच दिवशी चाचणीच्या काचेवर मोजा. सलग ३४ मिनिटं मात्र नको. सिलिका उष्णता वाहून नेत नाही, रेझिस्ट भाजतो, सुरकुततो आणि मग कशानेच निघत नाही. दोन मिनिटं एचिंग, दोन मिनिटं विश्रांती, आणि काचेखाली व्हॅक्यूम तेलाचा पातळ थर. २८ मिनिटांच्या एचिंगनंतर थांबा, सोबत ठेवलेल्या तुकड्यावरचा रेझिस्ट काढून खोली मोजा आणि उरलेली वेळ त्या आकड्यावरून ठरवा.

साफसफाई आणि लेप

एचिंग झाल्यावर पट्ट्यांवर फ्लोरिनयुक्त पॉलिमरचा थर असतो. तो डोळ्याला दिसतोच असं नाही. ऑक्सिजन प्लाझ्मा १० मिनिटं, पुन्हा ताजा पिरान्हा, पुन्हा पाणी. जिथे हायड्रोफ्लोरिक आम्ल हाताळायची परवानगी आणि शिकलेली माणसं आहेत, तिथे बफर्ड आम्लात अगदी थोडा वेळ बुडवून काही दहा नॅनोमीटर काढून घेणं फायद्याचं. दोन्ही पातळ्या सारख्याच झिजतात, त्यामुळे खोली बदलत नाही, पण पृष्ठभागाखालच्या सूक्ष्म भेगा आणि चिकटलेला कचरा जातो. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने नॅशनल इग्निशन फॅसिलिटीच्या सिलिका भिंगांची टिकाऊ ताकद याच आम्लप्रक्रियेने वाढवली. गाळ्यात मात्र हे आम्ल आणू नका. ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोहोचतं. जिथे वापरतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असावंच लागतं.

लेपाशिवायची काच प्रत्येक अंगावरून ३.४ टक्के, म्हणजे ३४ वॅट, परत पाठवते. दोन्ही अंगांना हाफ्निया-सिलिकाचा परावर्तनरोधी लेप द्या, परावर्तन ०.२ टक्क्यांच्या आत. लेप दोन्ही पातळ्यांवर सारखाच बसत असल्याने खोलीचं गणित बिघडत नाही. साध्या ई-बीमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन झोताने वाफ करून दिलेल्या, लेपात सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती हवेतलं पाणी ओढतात. खाडीकाठच्या हवेत आयन-असिस्टेड किंवा स्पटर केलेला घट्ट लेप मागणं शहाणपणाचं. लेप देणाऱ्याला कोरलेलं अंग दाखवा आणि ते पुसायचं नाही, फक्त धुवायचं, हे बॉक्सवरच लिहा. कापडाचे धागे पायऱ्यांना अडकतात.

बसवताना

चकती चिकटवू नका. गोंदाची वाफ लेपावर बसते आणि तिथेच जळते. रिंगने, हलक्या दाबाने, पाण्याने थंड होणाऱ्या होल्डरमध्ये धरा. चकती २ अंश कलती ठेवा, म्हणजे परत जाणारे दोन-चार वॅट फायबरमध्ये शिरणार नाहीत, ४ अंश बाजूला जाऊन झोत गिळणाऱ्या डंपवर पडतील.

पुढच्या भिंगाकडे फार कमी जण लक्ष देतात. पाच सारखे झोत एकमेकांवर असेपर्यंत त्यांच्यात व्यतिकरण होतं, आणि बारीक रेषांमध्ये तीव्रता सरासरीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकते. १० मिमीच्या झोतात १ किलोवॉटला मध्यावरची तीव्रता चौरस सेंटिमीटरला अडीच किलोवॉट असते. भिंगाचा लेप निवडताना पाचपट धरा. पल्स लेसरसाठी तर हे आणखी गंभीर. १०० मिलिजूलचा १० नॅनोसेकंदांचा पल्स असेल तर मध्यावर चौरस सेंटिमीटरला ०.२५ जूल येतात, रेषांमध्ये १.२५ च्या आसपास. लेपाची मर्यादा १० नॅनोसेकंदांना दिली असेल आणि तुमचा पल्स १ नॅनोसेकंदाचा असेल, तर ती मर्यादा साधारण ३.२ ने भागून घ्या.

लाल पायलट झोतावर (लेसरसोबतच्या, डोळ्याला दिसणाऱ्या खुणेच्या झोतावर) विसंबून जुळवणी करू नका. ६५० नॅनोमीटरला ठिपके ०.६ ऐवजी ०.३६ मिमीवर पडतात आणि खोली त्या रंगासाठी चुकीची असल्याने जवळजवळ ८० टक्के उजेड मधल्याच ठिपक्यात राहतो. हे बघून चकती फेटाळलेली उदाहरणं आहेत. चकती ठीक असते, चूक बघण्याच्या रंगात असते.

चाचणी

पाच वॅटवर, १०७० नॅनोमीटर अडवणारा चष्मा घालून, पाचही ठिपके एकेक करून पॉवर मीटरवर मोजा. त्यांच्यातला फरक ५ टक्क्यांच्या आत असला की पुढे जा. मग १०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के पॉवर, प्रत्येकी १० मिनिटं. थर्मल कॅमेरा चकतीवर रोखलेला असू द्या. त्याच्या तरंगलांबीला सिलिका अपारदर्शक असते, त्यामुळे काचेच्या पृष्ठभागाचंच तापमान दिसतं. चांगली चकती काही अंशांनीच तापते, कारण शोषण ३० पीपीएम असेल तर किलोवॉटमागे फक्त ३० मिलिवॅट आत राहतात. एखादा उष्ण बिंदू दिसला तर पॉवर लगेच बंद करा; तो डाग आहे, आणि तो वाढतच जाणार.

पाचही ठिपके सारखे आहेत पण पॉवर वाढवल्यावर फोकस वर सरकतो, तर दोष बहुधा डीओईचा नसतो. आधी कोलिमेटर आणि संरक्षक काच तपासा. कडेचे ठिपके लांबट दिसत असतील तर लेसरच्या वर्णपटाची रुंदी बघा: २ नॅनोमीटरच्या फरकाने दुसऱ्या ऑर्डरचा ठिपका २.२ मायक्रॉन सरकतो, पाच ठिपक्यांत ते चालतं, पन्नास ठिपक्यांत चालत नाही. ठिपके कॅमेऱ्यात हलत असतील तर ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक आणि ट्रान्स-हार्बरच्या गाड्या लक्षात घ्या. मोजणीचं टेबल तळमजल्यावर हवं, पोटमाळ्यावर नाही. आणि काही आठवड्यांनी एकाच ठिपक्याचा वेल्ड उथळ होऊ लागला तर चकतीकडे बघूच नका. चकतीवरचा डाग पाचही ठिपक्यांना सारखाच मारतो. एकच ठिपका बिघडला तर चकतीच्या पुढची वाट, संरक्षक काचेसह, तपासा.

धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा मिथेनॉल घ्या. पावसाळ्यात अॅसिटोन नको: ते इतक्या झपाट्याने उडतं की काच गार होऊन तिच्यावर दव धरतं आणि सुकताना डाग ठेवतं. टिश्यू ओढायचाच असेल तर पट्ट्यांच्या दिशेने, एकदाच, आणि तो तुकडा फेकून द्या. न वापरलेली चकती सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा, कोरलेलं अंग कशालाही न टेकता. शेजारी आम्लं वापरणारा कारखाना असेल तर डबा नायट्रोजन भरून बंद करा. जेल गुलाबी झालं की भाजून परत निळं करा.